बेसिनखालची लंबूताई

‘नाही येत म्हणजे नाही येत!’ असं मी ओरडले, तुम्हाला सांगते, आणि कुठून ओरडले, तर न्हाणीघराच्या फरशीवर उताणी पडून, मुंडकं बेसिनच्या खाली, पाय दाराशी, छातीवर कॅमेरा, आणि नळाच्या सांध्यातून गळणारं पाणी बरोब्बर उजव्या कानात... टप... टप... दाराची खालची कडी पायाच्या अंगठ्याने लावलेली. दाराच्या पलीकडे मुलगा, मुलाच्या मागे सून, सुनेच्या हातात झाडू, आणि बाहेरच्या खोलीत प्लंबर बसलाय माझ्या कपातून चहा पीत!

‘आई, अगं माणूस खोळंबलाय!’ हा मुलगा.

‘खोळंबू दे! ती बिचारी इतके दिवस उपाशीपोटी खोळंबलीय, तिचं कुणाला काही आहे का?’

‘ती कोण?’ हा प्लंबर, बाहेरून. त्याला वाटलं, आत आणखी एक म्हातारी आहे.

आता ती कोण, हे तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हीही माझ्याकडे असेच बघाल, जसा तो वरच्या मजल्यावरचा डॉक्टर बघत होता... त्याचंही सांगते, थांबा. ती म्हणजे लंबूताई. कोळी. मादी. तोंडं वाकडी करू नका, तुमच्याही घरात आहेत! जिन्याखाली असेल, कपाटामागे असेल, तुम्ही कधी वाकून बघितलंय का? अंग म्हणाल तर तांदळाच्या दाण्याएवढं, पण पाय! केसासारखे बारीक आणि हे एवढाले लांब, ढोपरं पार डोक्याच्या वर. आमच्या थोरल्या नणंदबाई अगदी अश्शाच बसायच्या. आणि जाळं काय विणते, तर घाईघाईत कुणी दोऱ्याचा गुंता करून कोपऱ्यात कोंबावा तसं. त्यात उलटी लटकून असते. दिसायला काही नाही. पण हिचं वैशिष्ट्य ऐका... ही अंडी तोंडात धरते! पोटाखाली नाही, जाळ्यात नाही, तोंडात! चारदोन धाग्यांनी बांधलेलं इवलंसं गाठोडं, पारदर्शक मण्यांचं, ते तोंडात धरून बसायचं, पिल्लं बाहेर येईपर्यंत. मग खाणार कशाने? नाहीच खात! मला जर बाळंत होईपर्यंत तोंड मिटून बसायला कुणी सांगितलं असतं ना, तर हा जो दाराबाहेर ओरडतोय तो जन्मालाच आला नसता.

आणि मला काय हवं होतं? फार काही नाही हो. एक फोटो. त्या मण्यांतून पिल्लं बाहेर येतानाचा. जिवंत आणि लख्ख. एक!

पण तिला एक खोड आहे. जरा कुणी जवळ गेलं, की ही बाई जागच्या जागी गरागरा फिरायला लागते. झोका घेते असं समजू नका, मिक्सर! दिसेनाशी होते! आता कॅमेरा तिच्यापासून किती लांब धरायचा, तर दोन बोटं. दोन बोटांवर मी श्वास सोडला की ती सुरू. मी श्वास धरला की माझे हात सुरू. ती थांबते तेव्हा मी थरथरते, मी थांबते तेव्हा ती थरथरते, आणि दोघी एकदम थांबलो रे थांबलो, की दारावर धाडकन थाप! ‘आई, किती वेळ?’

आणि फोटो? धूसर.

हे सगळं मला शिकवलं कुणी? कुणी नाही! शाळा मी चौथीत सोडली, म्हणजे सोडवली लोकांनी, आणि पुढचं जे आलं ते माझं मी ओढून आणलेलं आहे. आमच्या ह्यांच्याकडे जुना कॅमेरा होता. ह्यांनी जन्मभर नातेवाइकांचे फोटो काढले आणि त्यात एकाही नातेवाइकाला पाय नाहीत. हे गेले, कॅमेरा राहिला. एक दिवस त्याचं भिंग पुसत बसले होते आणि सहज उलट्या बाजूने डोळ्याला लावलं, तर टेबलावर मुंगी... मुंगी कसली, मालगाडी! अंगावर केस, जबड्यांना दाते, आणि पुढच्या पायांनी मिशा पुसत होती हो, एकेक करून, पानावरून उठलेल्या माणसासारखी! साठ वर्षं मी मुंग्या झाडत आले होते. एकीनेही कधी सांगितलं नाही की मला मिशा आहेत.

झालं! मुलाने टाकून दिलेला कॅमेरा घेतला, जॅमच्या बाटलीचं झाकण मधोमध कापून कडं केलं, ह्यांचं भिंग त्यावर उलटं बसवलं आणि काळी चिकटपट्टी गुंडाळली. उजेड मऊ पडावा म्हणून दुधाचा प्लास्टिकचा कॅन कापून दिव्यापुढे लावला. असं भिंग उलटं लावतात जगात सगळीकडे, हे मला मागाहून कळलं. मला वाटलं होतं शोध मीच लावला. अजूनही वाटतं!

पण ह्या उलट्या भिंगाचा स्वभाव खडूस, तुम्हाला सांगते. कागदाच्या जाडीएवढंच काय ते स्पष्ट दाखवणार. त्याच्या पुढे धुकं, मागे धुकं. डोळे दिसले तर तोंड गेलं, तोंड दिसलं तर डोळे गेले. बरं, भिंगाची चक्री फिरवून काही होत नाही. आपणच अख्खं पुढेमागे व्हायचं, केसभर! ह्या वयात? मी खुर्चीतून उठते तेव्हा माझी हाडं पलीकडच्या खोलीत ऐकू येतात, आणि मी केसभर पुढे व्हायचं?

फोटोवाल्यांचं एक मंडळ आहे गावात. तिथेही गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. अध्यक्ष म्हणजे एक खिशांचं जाकीट. इतके खिसे, की हात कुठे घालावा हे त्यांनाही कळत नाही. मला बघून म्हणतात, ‘आजी, तुम्ही फुलांचे काढा ना. फुलं हलत नाहीत.’

म्हटलं, ‘मग भिंतींचे काढू का? त्या तर मुळीच हलत नाहीत.’

मग माझे फोटो बघितले. ‘डोळे स्पष्ट हवेत आजी. प्राण्याचा फोटो म्हणजे डोळे.’ म्हटलं, ‘हिला आठ आहेत, तुम्हाला कुठले हवेत?’ त्यावर आवाज खाली आणून म्हणतात, ‘एक युक्ती सांगतो. डबीत घालायचं आणि थोडा वेळ फ्रीजमध्ये. गारठले की हलत नाहीत. आम्ही सगळे तेच करतो.’

तेच करतो! म्हणजे ह्यांच्या भिंतीवर ती फुलपाखरं, ते चतुर, अंगावर दवाचे थेंब, खाली ‘निसर्गाच्या कुशीत’... ती सगळी निसर्गाच्या कुशीत नव्हती, लोण्याच्या डब्याशेजारी होती! मी म्हटलं, ‘अध्यक्ष, तुमच्या लग्नात फोटोग्राफरने तुम्हाला असं गारठवलं होतं का?’ तेव्हापासून ते मला सभेच्या तारखा कळवत नाहीत. मी तरी जाते.

आणि माझी फजिती झाली ती तिथेच. तुम्ही आपले म्हणून सांगते. आमच्या घरच्या खिडकीच्या जाळीवर एक मोठा कोळी बसला होता. सकाळी बसला, दुपारी बसून, उन्हं कलली तरी बसून. असा समजूतदार जीव मी जन्मात बघितला नव्हता! मी त्याच्याशी बोलले, त्याला शाबासकी दिली, ह्या बाजूने काढला, त्या बाजूने काढला, हात टेकवून, बूड टेकवून. आणि काय सांगू, लख्ख! पायावरचा केस न् केस लख्ख! छापून घेतला, मंडळात नेला, टेबलावर आपटला. अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला. ‘आजी... ही कात आहे. कोळी टाकून गेलाय. आत कुणी नाही.’

आत कुणी नाही! दिवसभर मी एका रिकाम्या सदऱ्याला शाबासकी देत होते! सगळं मंडळ हसलं. जाकिटाचे खिसेसुद्धा हसले. आणि जाता जाता अध्यक्ष म्हणाले, ‘काहीतरी जिवंत आणा, आजी. लख्ख आणलंत, तर प्रदर्शनात मधली भिंत तुमची.’ उदार होऊन म्हणाले, भिकाऱ्याला म्हणावं तसं. पण म्हणाले! सगळ्यांदेखत! मी ते पदराला गाठ मारून घरी आणलं. तर एवढ्या वर्षांत माझा एकच फोटो स्पष्ट आला आणि तो कुणाचाही नव्हता. बाकीचे?

धूसर.

आता एक गोष्ट सांगते, ती घरात बोललेली नाही. तुम्ही परके, तुमच्यापाशी बोलायला काय जातंय? डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे गेले होते, एकटी, भाजी आणते सांगून. पोरगीच ती, गोड बोलणारी. गोड बोलायला लागली तेव्हाच मी ओळखलं. ‘आजी, पडद्याचा मधला भाग झिजलाय. उजवा बराच, डावाही त्याच वाटेने चाललाय. कडेचं दिसत राहील तुम्हाला. पण समोरचं, मधलं, हळूहळू पुसट होणार.’

‘मग सुई टोचा. कापा.’

‘ह्या प्रकारावर तसा उपाय नाही, आजी. जे बघायचंय त्याच्या जरा बाजूला बघायची सवय करा.’

म्हणजे काय, आलं का लक्षात? ज्याच्याकडे बघावं तेच दिसायचं नाही! आणि ज्याच्याकडे बघायचं नाही ते सगळं लख्ख! सुनेकडे बघितलं की सून नाहीशी, आणि तिच्या मागचं न घासलेलं पातेलं ठळक! घड्याळात बघितलं की काटे गेले, भिंतीवरची ओल राहिली! सबंध आयुष्य ज्यांच्याकडे काणाडोळा केला तेवढेच दिसणार का हो आता मला?

घरात का नाही सांगितलं? वेडी आहे का मी? सांगितलं की दुसऱ्या दिवशी कॅमेरा कपाटात, किल्ली मुलाच्या खिशात, आणि मी खिडकीत बसवलेली. ‘आई, आराम कर. बाहेरची गंमत बघ.’ कशाने बघू? म्हणून गप्प. साखरेऐवजी मीठ पडलं चहात, तर म्हटलं, मुद्दामच घातलंय, घशाला बरं असतं. प्यायला हो मुलगा!

तर एक फोटो. डाव्या डोळ्यात जो काही कागदभर उजेड शिल्लक आहे, तो आहे तोवर. आणि त्याच सुमारास बेसिनखाली लंबूताईने अंडी तोंडात धरली. मला वाटलं, चला, कुणीतरी वेळ गाठली!

मग मी घराला नियम लावून दिले. गरम पाणी बंद. वाफ भिंगावर बसते. बादलीत धार सोडायची ती बादलीच्या कडेने, आवाज न करता. दार लोटायचं, आपटायचं नाही. मुलगा आंघोळीला गातो, त्याला गाण्याची बंदी. (शेजारचे येऊन माझे आभार मानून गेले.) सून कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासते. नजर अशी, की रस्त्यातून चाललेल्या माणसाच्या पाठीवरचा सुटलेला टाका तिला दिसतो. पण कोळी म्हटलं की ह्याच पोरीच्या तोंडचं पाणी पळतं. डोळे मिटून आंघोळ करायची आणि बाहेर येऊन म्हणायची, ‘अहो आई, ती माझ्याकडेच बघत होती.’ म्हटलं, ‘तू तर डोळे मिटले होतेस, तुला कसं कळलं?’ ह्यावर पाय आपटत निघून गेली. पाय आपटत! लंबूताईचा मिक्सर सुरू. आणि फोटो?... तुम्हीच सांगा. धूसर!

एकदा तर मी कडी लावायला विसरले. मुलगा आत आला, तर आई जमिनीवर, मुंडकं बेसिनखाली, हालचाल नाही, श्वास नाही. श्वास मी धरला होता ना, लंबूताई थांबली होती ना हो, पहिल्यांदाच इतका वेळ थांबली होती! ह्याने असा काही टाहो फोडला की वरच्या मजल्यावरचा डॉक्टर दाढीचा साबण तोंडाला तसाच, कमरेला टॉवेल, धावत खाली. माझी नाडी धरली. मी म्हटलं, ‘हात सोड मेल्या, हलतोय!’ मेलेली बाई मेल्या म्हणाली, तसा तो जो मागे सरकला तो बादलीतच बसला. बटण मात्र मी दाबलं होतं. फोटोत लंबूताईच्या जागी टॉवेलचं टोक आलंय. तेही धूसर.

आणि ह्या सगळ्यात ते खालचे हेडमास्तर. निवृत्त आहेत, पण सूर अजून वर्गातला. एक दिवस वर आले, हातात ओली छत्री. बाहेर कोरडं ठणठणीत! ‘वहिनी, तुमचं न्हाणीघर माझ्या संडासात गळतंय. मी छत्री उघडून बसतो हो तिथे! ह्या वयात, वहिनी, छत्री!’

आमच्या बेसिनखालचा सांधा. म्हणजे लंबूताईचाच कोपरा! सांधा बदलायचा तर नळी काढायची, नळी काढायची तर भिंत फोडायची, आणि भिंतीला तिचं घर बांधलेलं. मी हात जोडले. ‘भाऊजी, थोडे दिवस कळ काढा. घरात बाळंतपण आहे.’ एवढं ऐकलं मात्र, मास्तर वळले, भराभरा जिना उतरले, खाली सून कामावरून येत होती, तिचं अभिनंदन केलं! सांभाळून चढ म्हणाले! ती वर आली ती लाल होऊन. ‘अहो आई, काय सांगितलंत तुम्ही त्यांना?’ काय सांगितलं? खरं तेच सांगितलं! कुणाचं ते विचारायला ते थांबले का?

मग प्लंबर आला. धिप्पाड! दारातून आडवा शिरला. खांद्यावर पिशवी, पिशवीत हातोडे, पाने, छिन्न्या. आता ह्याला थोपवायचा कसा? माझ्या खोलीत मी एका कोळ्याच्या तोंडाचा मोठा कागद छापून लावलाय, दाराएवढा. सगळ्या फोटोंसारखाच धूसर, पण दाराएवढा! प्लंबरला नेऊन त्या कागदापुढे उभा केला. त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग हळूच विचारतो, ‘हे... हे बेसिनखाली आहे?’

‘हो.’

‘एवढं?’

‘सध्या लेकुरवाळं आहे,’ मी म्हटलं, ‘त्यामुळे जरा तिरसट झालंय.’

पिशवी तिथेच टाकून गेला हो! केवढी जिंकले म्हणून मी दिवसभर हसत होते. माझी मी टाळ्या दिल्या मला. पण नशीब बघा... खाली मास्तरांच्या छताचा पोपडा पडला, त्यांच्या छत्रीला भोक पडलं, त्यांनी मुलाला कामावर फोन केला, मुलाने प्लंबरला फोन केला, आणि तो म्हणाला, येतो, पण आधी तो प्राणी मारा, मगच मी पाना लावीन, फवारा मीच घेऊन येतो! मी घाबरवलं नसतं, तर त्याने तिच्याकडे बघितलंही नसतं, नळी काढताना लोक बघतात का कोळ्याकडे? कदाचित एखादा धागा तुटला असता, दुसऱ्या कोपऱ्यात सरकली असती. मीच तिला दाराएवढी केली आणि मीच तिच्यावर फवारा आणला. आहे का मार्ग?

आणि नेमकं आज! काल काढलेला धूसर फोटो मी कॅमेऱ्यावर मोठा करून, मान वाकडी करून, डावीकडून बघितला होता. मणी काळसर पडलेत. आत बारीक पाय, घडी घालून ठेवल्यासारखे. म्हणजे आता कुठल्याही घटकेला. म्हणून सकाळी उठल्या उठल्या मी आत शिरले आणि कडी लावली. आणि बाहेर हा गोंधळ!

‘आई, एका किड्यासाठी तू घर वेठीला धरलंयस!’

‘किड्याला सहा पाय असतात! हिला आठ आहेत. आधी मोजायला शीक, मग आईशी भांड!’

‘मास्तरांचं छत कोसळेल, आई!’

‘त्यांना सांग, छत्री मोठी घ्या!’

‘आजी,’ प्लंबर, ‘मला अजून दोन ठिकाणी जायचंय.’

‘जा ना! कुणी बांधून ठेवलंय? आणि कप धुऊन ठेव!’

असं माझं चौफेर चाललेलं होतं, आवाज ह्यांच्याकडे आणि डोळा तिच्याकडे. लंबूताई आज फिरत नव्हती हो. इतका आरडाओरडा, पण ती शांत. पाय ताणून, तोंडातलं गाठोडं जरा पुढे धरून, जसं काही म्हणतेय, घे बाई, काढ एकदाचा. मी कॅमेरा उचलला. श्वास धरला. हात, काय सांगू, हातसुद्धा शहाणे झाले. केसभर पुढे. केसभर मागे. सगळं जमून आलं. जन्मात पहिल्यांदा सगळं जमून आलं!

आणि मधे काही नाही.

कॅमेऱ्याच्या त्या इवल्या खिडकीतून कडेला मला नळी दिसतेय, फरशीची फट दिसतेय, तिच्या ढोपरांची टोकं दिसताहेत, नळीवर लोंबणारा थेंबसुद्धा दिसतोय, आणि मधोमध, जिथे ती, जिथे तिचं तोंड, जिथे पिल्लं, तिथे पाटीवर ओलं बोट फिरवावं तसं राखाडी. डोळा चोळला. राखाडी. मान वाकडी करून कडेने बघायला गेले, तर खिडकीला डोळाच लागेना. खिडकीला डोळा लावला तर समोर बघावंच लागतं, आणि समोर बघितलं की ती गेली! कॅमेरा बाजूला केला, नुसत्या डोळ्याने तिरकं बघितलं, तर काहीतरी हललं... तोंडापाशी... केसासारखं काहीतरी बाहेर आलं आणि ताणलं गेलं. पाय! पहिल्या पिल्लाचा पहिला पाय! आणि त्याचा फोटो काढायचा कुणी? मी? कशाने?

तेवढ्यात दारावर थाप नाही, धडका नाही. सुनेचा आवाज. बारीक. असला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

‘अहो आई. त्या कोळ्याकडे तुम्ही तासन्‌तास बघता. माझ्याकडे कधी बघता का हो?’

‘अगं, काय बोलतेस...’ हा मुलगा.

‘तू थांब. मला बोलू दे. कितीतरी दिवस बघतेय मी, अहो आई. मी बोलत असते आणि तुम्ही माझ्या कानाकडे बघता. नाहीतर खांद्याकडे. नाहीतर मागच्या पातेल्याकडे! एकदा तोंडाकडे बघत नाही. सकाळी चहा देते तेव्हा नाही, संध्याकाळी दमून येते तेव्हा नाही. त्या दिवशी नवीन चष्मा लावून आले, घरात सगळ्यांना दिसला, तुम्हाला नाही दिसला! इतकी काय हो मी नजरेसमोर नकोशी झालेय? कोळ्यापेक्षा?’

बाहेर प्लंबरने कप खाली ठेवला.

मी तशीच पडलेली. कानात टप... टप... डोक्यावर लंबूताई, तिच्या तोंडाशी दुसरा पाय, मग तिसरा असेल, मला काय दिसतंय? आता बघा, आयुष्यभर मी कुणापुढे मान खाली घातली नाही. सासूपुढे नाही, ह्यांच्यापुढे नाही, खिशांच्या जाकिटापुढे नाही. बोलायचं तर कॅमेरा जातो, मधली भिंत जाते, माझा मानही जातो, वर ‘आई, आराम कर’ सुरू होतं. नाही बोलायचं तर ही पोर जन्मभर समजणार की सासूला आपलं तोंड बघवत नाही, आणि पिल्लं काय, ती थांबतात का कुणाच्या मानापानासाठी? आत्ता बाहेर येऊन घटकाभरात अंग सावरून बसतील, आणि मग तो फवारा.

काय करावं माणसाने? सांगा ना! इतका वेळ ऐकताय, एक तरी सांगा!

मी पायाचा अंगठा कडीला लावला. कडी निघाली. दार किलकिललं, आणि फटीतून आधी झाडू आला, मग तिचं... तिचं तोंड असावं, मला केसांची कड तेवढी दिसली. आणि मी, तुम्हाला सांगते, आवाज मुळीच खाली न आणता म्हटलं,

‘तुझ्या तोंडाकडे बघितलं की तोंडच नाहीसं होतं गं तुझं, डोळे गेलेत माझे, तेव्हा तो झाडू टाक बाहेर, रडणं नंतर कर, इथे माझ्याशेजारी आडवी हो, हा कॅमेरा धर, श्वास रोख, आणि काय वाट्टेल ते झालं तरी डोळे मिटू नकोस, कारण आपल्या दोघींत मिळून चालणारे दोनच उरलेत आणि ते तुझे आहेत!’